कूलर लावताय? आधी समोरची खिडकी उघडा

गेल्या मे महिन्यात भर दुपारी अकोल्याला मावशीकडे पोचलो. पुढच्या खोलीत कूलर पूर्ण वेगात चालू होता. दारं बंद, मागची खिडकी बंद, वर तिच्यावर जाड चादर. तरी खोलीत बसवत नव्हतं. गादी ओलसर लागत होती, कपाटाचं लाकूड फुगून दार अडकत होतं, अंग चिकचिकत होतं. मावशी म्हणाली, "ताट्या नव्या टाकल्या, पंप नवा टाकला, तरी हा कूलर घामच काढतो."

मी चादर काढून मागची खिडकी वीतभर उघडली. मावशी लगेच उठली. "काहून उघडली रे? सारी गरम हवा आत येईल ना!" देवघरातली उदबत्ती पेटवून मी त्या फटीसमोर धरली. धूर आत वळला नाही, सरळ रेघेत बाहेर गेला. आठ-दहा मिनिटांत चिकचिक गेली आणि मावशी पंख्याच्या झोतासमोरून उठून खोलीच्या कोपऱ्यात निवांत बसली. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या चौकटी, त्याच होत्या, पंपही तोच होता. हवेला बाहेर जायला वाट नव्हती, एवढंच.

विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात घरोघरी कूलर आहे. २०१३च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात हे यंत्र म्हणजे चैन राहत नाही. पण ते नेमकं कसं चालतं हे कळलं नाही, तर पैसे ताट्यांवर जातात आणि दोष तसाच राहतो. म्हणून आधी थोडं विज्ञान, मग फेब्रुवारीपासून जूनपर्यंत करायची कामं क्रमाने सांगतो.

कूलर हवा थंड कशी करतो

माठातलं पाणी जसं गार होतं, तसंच हे आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे विजेच्या मापात साधारण पाऊण युनिटाला थोडी कमी. कूलरचा पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते ट्रेच्या भोकांतून ताट्यांवर झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो. हवेतली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि हवा थंड, पण दमट होऊन खोलीत येते.

या एका वाक्यातच कूलरचे सगळे नियम आहेत. हवा कोरडी असेल तरच पाणी उडेल. खोलीतली दमट झालेली हवा बाहेर गेली नाही, तर नवी कोरडी हवा आत यायला जागाच नाही. एसी खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा थंड करतो, म्हणून एसीला दारं बंद लागतात. कूलर दर दोन-तीन मिनिटांनी खोलीतली हवा बदलतो, म्हणून त्याला उघडी खिडकी लागते. एसीची सवय कूलरला लावली की मावशीच्या खोलीसारखं होतं. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी चालवणंही चूक. कूलरने आणलेली वाफ एसीला पुन्हा पाणी करून काढावी लागते आणि बिल वाढतं.

कूलर किती थंड करू शकेल याची एक सीमा आहे आणि ती घरी मोजता येते. काचेचा साधा, हवेचा थर्मामीटर घ्या (तापाचा नको). त्याच्या फुग्यावर ओलं मलमल गुंडाळा आणि बाहेर सावलीत पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटं धरा. पारा जिथे थांबेल, त्याखाली तुमचा कूलर त्या दिवशी जाऊ शकत नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला थर्मामीटर साधारण २३ दाखवतो आणि चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. जुलैत बाहेर ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असते, तेव्हा ओला थर्मामीटर २८च्या आसपास अडकतो. कूलरने फार तर तीन अंश उतरतील, वर दमटपणा. मुंबई, कोकण, गोव्यात मे महिन्यातही हवा दमट असते, म्हणून तिथल्या घरांत कूलर घेऊ नका असंच मी सांगतो. पुण्यात मार्च-एप्रिलला चालतो, वळवाचे ढग आले की नाही.

बर्फाबद्दलही इथेच सांगून टाकतो. टाकीत पाच किलो बर्फ टाकला तर वितळताना तो जेवढी उष्णता घेईल, तेवढी पाऊण लिटरपेक्षा कमी पाणी उडताना जाते. मोठा कूलर ऐन दुपारी तासाला १५-२० लिटर पाणी उडवतो. म्हणजे अख्ख्या बर्फाचं काम त्याने तीन मिनिटांत केलेलं असतं. बर्फाचे पैसे ताट्यांना लावा.

पहिलं काम: जागा आणि हवेची वाट

कूलर खोलीच्या आत ठेवू नका. ताट्यांच्या तिन्ही बाजू बाहेरच्या मोकळ्या हवेत आणि फक्त तोंड खोलीत, अशी त्याची जागा. खिडकीत बसवल्यावर कडेला ज्या फटी राहतात त्या प्लायवूडने किंवा थर्माकोलने बंद करा, नाहीतर आतली दमट हवा तिथूनच मागे जाऊन पुन्हा ताटीतून आत येते. भिंत आणि ताटी यांच्यात दीड-दोन फूट अंतर हवं. शेजारच्या एसीचं बाहेरचं युनिट, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, संडासाची खिडकी यांच्याजवळ कूलर नको, कारण तो जे ओढेल तेच तुम्ही श्वासात घ्याल. उत्तर किंवा पूर्व बाजू चांगली. पश्चिमेला लावावाच लागला तर वर हिरव्या जाळीची सावली करा, पण ताटीला चिकटवून नको.

आता बाहेर जाणारी वाट. कूलर ज्या भिंतीत आहे तिच्या समोरची किंवा तिरकी खिडकी उघडायची. कूलरच्या शेजारचीच उघडली तर हवा खोली न फिरताच निघून जाते. किती उघडायची? तासाला ३,००० घनमीटर हवा देणाऱ्या कूलरला साधारण साडेतीन चौरस फूट मोकळी जागा लागते, म्हणजे चार फूट उंचीची खिडकी दहा-अकरा इंच उघडी. मग उदबत्तीने तपासा. धूर जोरात बाहेर खेचला गेला आणि पडदे खिडकीला जाऊन चिकटले, तर वाट कमी पडते आहे, अजून उघडा. धूर घुटमळत असेल तर जास्त उघडली आहे, थोडी लोटा. धूर आत येत असेल तर त्या बाजूने वारा आहे, दुसरी खिडकी निवडा.

याच युक्तीने एका कूलरवर दोन खोल्या थंड करता येतात. कूलर बैठकीत, बैठकीच्या खिडक्या बंद, मधलं दार उघडं आणि आतल्या खोलीची खिडकी उघडी. हवा जिथून बाहेर पडायची असते, तिकडेच ती चालत जाते. रात्री आतल्या खोलीत झोपताना आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो. खिडकीला मच्छरदाणीची जाळी असेल तर ती घासून धुवा. धुळीने भरलेली जाळी म्हणजे अर्धी बंद खिडकी.

नवा कूलर घेत असाल तर आकाराचा हिशेब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा, निम्मं करा, त्याला १.७ने गुणा. १० बाय १२ची, दहा फूट उंच खोली असेल तर १,२०० घनफूट, निम्मे ६०० आणि उत्तर १,०२०. तासाला इतके घनमीटर हवा देणारा कूलर किमान हवा. डोक्यावर थेट स्लॅब तापत असेल तर याच्या दीडपट-दुप्पट घ्या. आणि स्लॅबला मार्चमध्येच चुन्याचे दोन हात द्या. गच्ची पांढरी झाली की खालची खोली कमी तापते, हे कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

दुसरं काम: टाकी, ताट्या, पंप

हे होळीच्या आधी उरका. होळीनंतर मिस्त्री मिळत नाही आणि ताट्यांचे भाव वाढलेले असतात.

लोखंडी टाकी रिकामी करून तारेच्या घासणीने गंज काढा. बारीक भोक असेल तर एम-सील लावा, सुकल्यावर आतून डांबराचा एक हात द्या आणि पूर्ण चोवीस तास वाळू द्या. ओल्या डांबरावर पाणी भरलं तर पापुद्रे सुटून पंपात जातात.

ताट्यांचे तीन प्रकार मिळतात. लाकडाच्या भुरभुरीत तारांच्या, ज्यांना दुकानात वूडवूल म्हणतात, त्या सगळ्यांत स्वस्त आणि एका हंगामापुरत्या. वाळ्याच्या ताट्या महाग, पण पहिलं पाणी पडल्यावर घरभर जो वास सुटतो त्याला तोड नाही. कूलर यायच्या आधी आपल्याकडे दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी शिंपडत, त्याचीच ही पुढची पिढी. वाळा फार दाट भरलेला असेल तर हवा अडते, म्हणून ताटी उजेडासमोर धरून पाहा, उजेडाचे ठिपके सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. तिसरा प्रकार हनीकोंब, म्हणजे पोळ्यासारख्या भोकांचा जाड पुठ्ठा. तो नीट ठेवला तर दोन-तीन हंगाम जातो, पाणी चांगलं धरतो, पण खारं पाणी त्याचा वैरी. भोकं क्षारांनी बुजली की तो भिंत होतो.

नव्या ताट्यांवरून पहिल्यांदा येणारं पाणी चहासारखं तांबूस असतं. ते टाकीत राहू देऊ नका. पंप अर्धा तास चालवा, टाकी सोडून द्या, पुन्हा भरा. दोन वेळा केलं की वासही जातो.

पंप हातात घेऊन जाळी काढा, आतलं चक्र बोटाने फिरवून पाहा. अडत असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, क्षार सुटतो. वरच्या ट्रेची भोकं खराट्याच्या काडीने एकेक मोकळी करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. एक भोक बुजलं की ताटीवर वरपासून खालपर्यंत एक कोरडा पट्टा पडतो, आणि हवा नेहमी कोरड्या पट्ट्यातून आत घुसते, कारण तिथे अडथळा कमी. बाकीची ताटी कितीही ओली असो, त्या पट्ट्यातून ४४ अंशांची हवा सरळ आत. पंप सुरू करून दहा मिनिटांनी पिन काढा आणि मग ताटीवर तळहात फिरवा. डोळ्यांना न दिसलेला कोरडा पट्टा हाताला लगेच कळतो. चालू कूलरला मात्र कधीही हात लावू नका, कारण पुढच्या भागात आहे.

तिसरं काम, आणि सगळ्यांत महत्त्वाचं: शॉक

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते. पाणी भरताना बाई गेली, खेळताना मूल गेलं. हे वाचून मी सुन्न होतो, कारण यातले बहुतेक मृत्यू टाळता येतात.

लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात बुडलेला विजेचा पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस, असा हा मेळ आहे. पंपाच्या वायरचं आवरण सोललं की पेटीत करंट उतरतो. फायबरची बॉडी घेतली म्हणजे सुटलो असंही नाही, कारण करंट पाण्यात असतो आणि बादलीतून ओतलेल्या धारेने तो हातापर्यंत येऊ शकतो.

माझ्या घरात जे केलं आहे ते सांगतो. पहिलं, कूलरच्या बोर्डला खरं अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून मीटर लावून तपासून घेतलं. तीन पिनांचं सॉकेट असलं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. जुन्या घरांत कितीदा तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. दुसरं, मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. एमसीबी आणि आरसीसीबी एकच समजू नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, १६ अँपिअरचा असेल तर त्याच्या वर करंट गेल्यावरच तो पडतो. माणसाचं हृदय बंद पडायला ५० ते १०० मिलिअँपिअर पुरतात, तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळती झाली की क्षणात वीज तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो बदला. तिसरं, पंपाची वायर मध्ये जोड नसलेली, अखंड. टेप गुंडाळलेला जोड पाण्याजवळ चालत नाही.

आणि घरातला नियम असा: कूलरला हात लावायचा तर नुसतं बटण बंद करून नाही, पिन काढून. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी फेजवर असतं, कधी न्यूट्रलवर. न्यूट्रलवर असेल तर बटण बंद असूनही आत करंट असतो. पाणी भरताना, ताटी चाचपताना, मुलाचा बॉल मागे गेला म्हणून काढताना, प्रत्येक वेळी पिन काढायची आणि पायात रबरी चप्पल. टाकीला फ्लोट लावून नळ जोडून टाका, म्हणजे पाणी ओतण्याची वेळच येत नाही.

कुणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका. धावत जाऊन मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर किंवा माणूस बाजूला ढकला. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाब देणं सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ला फोन करायला सांगा.

रोज कसा चालवायचा

पंखा सुरू करायच्या आधी दहा मिनिटं नुसता पंप चालवा. ताट्या भिजल्या की मग पंखा, म्हणजे पहिला झोतही गार येतो आणि धूळ आत उडत नाही. रात्री दोन-अडीचला गारठा वाटला तर पंखा चालू ठेवा, पंप बंद करा. ताट्यांत अर्धा तास पुरेल इतकं पाणी असतं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापणारे नऊ दिवस, २५ मेच्या आसपास सुरू झाला की दुपारी खिडकी थोडी जास्त उघडी ठेवा. आणि ज्या संध्याकाळी ढग भरून येतात, विजा चमकतात, तेव्हा पंप बंद, फक्त पंखा.

वीज किती लागते? पंख्याची मोटर १५० ते २५० वॅट, पंप २०-४० वॅट. दहा तासांत दोन-अडीच युनिटं. दीड टनाचा एसी तेवढ्या वेळात याच्या चार-पाच पट घेतो. पाणी मात्र कूलर भरपूर पितो. ज्या गावात चार दिवसांआड नळ येतो, तिथे हा हिशेब आधी करा.

रविवारची टाकी

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, याला दोन कारणं आहेत. पाणी उडून जातं, पण क्षार मागे राहतात. रोज वरून नवं बोअरचं पाणी पडतं आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारं होत जातं. ताट्यांवर पांढरा थर दिसला म्हणजे पाणी सोडायला उशीर झाला आहे. दुसरं कारण डेंग्यू. त्याचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून ब्रशने चारही भिंती घासा, तासभर उन्हात कोरडी होऊ द्या, मग भरा. बागेला ते खारं पाणी घालू नका, अंगण धुवायला वापरा.

बिघाड ओळखण्याचा क्रम

हवा गार नाही पण अंग चिकचिकतं: खिडकी. हवा भरपूर पण गरम: पंप किंवा कोरडे पट्टे. हवाच कमी: पंखा हळू फिरत असेल तर मोटरचा कंडेन्सर गेला आहे, थोड्या पैशांत बदलून मिळतो. पंखा नीट असेल तर ताट्या बुजल्या आहेत. झोतासोबत पाण्याचे थेंब येत असतील तर पंपाचा जोर जास्त आहे किंवा ताटी चौकटीतून सुटली आहे. कुजका वास आला तर रविवार चुकला आहे.

खात्री करायची तर पुन्हा थर्मामीटर. बाहेरचं तापमान ४४, ओल्या थर्मामीटरचं २३, म्हणजे शक्य उतार २१ अंश. कूलरच्या तोंडाशी २८ मिळालं तर प्रत्यक्ष उतार १६, म्हणजे शंभरात ७६. पंचाहत्तरच्या वर असेल तर कूलरला काही झालेलं नाही, मिस्त्रीला बोलावू नका. साठच्या खाली असेल तर ताट्या आणि ट्रे पाहा.

जूनमध्ये आवरताना

मृगाचा पाऊस स्थिरावला की कूलर त्याच आठवड्यात उतरवा. पिन काढा, टाकी सोडा, घासा, फडक्याने पुसून दोन ऊन द्या. वूडवूलच्या ताट्या फेकून द्या. हनीकोंब उलटा करून मागच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारा आणि सावलीत वाळवा. पंप कोरडा करून जुन्या पिशवीत घाला, पिशवीवर किती वर्षांचा आहे ते लिहा. पंख्याच्या बुशात तेलाचे दोन थेंब सोडा. टाकीचं झाकण किंचित उघडं ठेवून पेटी प्लास्टिकने झाका, पण खाली विटा लावून जमिनीपासून वर. यंदा मावशीकडे हे सगळं मीच करून आलो. पंपाच्या पिशवीवर तिने स्वतःच्या हाताने तारीख लिहिली, आणि मागच्या खिडकीवरची चादर घडी करून ट्रंकेत ठेवली.